एकाच कपाटातील दोन फळ्या : नगरचे ख्रिस्ती घर आणि घरगुती रहस्यकथा

१

वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथकर्त्यास स्थान असते, ग्रंथास असते, प्रकाशकासही क्वचित असते. ग्रंथ ज्या घरात वाचला गेला त्या घरास मात्र सहसा नसते. सार्वजनिक वाचनालयांच्या याद्या सिद्ध होतात, संस्थानिकांचे पोथीसंग्रह सूचिबद्ध होतात. परंतु सामान्य कुटुंबाच्या फडताळात किंवा काचेच्या कपाटात दोन-तीन पिढ्यांत जमत गेलेली पुस्तके अभ्यासाचा विषय होण्याइतकी प्रतिष्ठित मानली जात नाहीत. वस्तुतः अभिरुचीचा विचार करणाऱ्यास अशा कपाटाइतके विश्वसनीय साधन क्वचितच लाभते. वाचनालयाच्या यादीवरून समाजाने काय वाचावे असे चालकांस वाटत होते ते कळते. घरातील कपाटावरून लोकांनी स्वतःच्या पैशाने काय घेतले, काय जपले आणि काय पुनःपुन्हा हाताळले ते कळते.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील सुशिक्षित ख्रिस्ती घराचा ग्रंथसंग्रह हा या दृष्टीने विचारात घेण्याजोगा नमुना होय. येथे कोणा एका कुटुंबाचे कपाट अभिप्रेत नाही; या जिल्ह्याच्या मुद्रण, शिक्षण व वाचन या परंपरांवरून ज्याची रचना अनुमानता येते असा प्रातिनिधिक संग्रह अभिप्रेत आहे. त्याच्या एका फळीवर पवित्रशास्त्र, ‘उपासना संगीत’, बाबा पदमनजी व टिळक पतिपत्नी यांचे ग्रंथ असावयाचे. दुसरीवर ॲगथा ख्रिस्ती, चेस्टरटन, डोरोथी सेयर्स यांच्या रहस्यकथा, काही मूळ इंग्रजीत तर काही मराठी अनुवादांत.

पहिली फळी उपदेशाची आणि दुसरी मनोरंजनाची, असे म्हणून हा विषय सोडून देता येईल. मराठी समीक्षेने बहुतांशी तसेच केले आहे. पहिल्या फळीस धर्मप्रचार म्हणून आणि दुसरीस करमणूक म्हणून तिने ललित वाङ्मयाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले. ‘स्मृतिचित्रे’ आणि रेव्हरंड टिळकांची कविता हे यास ठळक अपवाद. परंतु या दोन्ही फळ्या एकाच घरात एकाच वाचकाच्या हाताखाली शेजारी शेजारी नांदतात. त्यांचे परस्परांशी काही नाते आहे काय, आणि असल्यास त्यावरून मराठी वाङ्मयाविषयी काय निष्पन्न होते, हा येथील प्रश्न आहे.

२

प्रथम पहिल्या फळीचा विचार करू गेल्यास असे दिसते की, तिच्यामागे नगरचा स्वतःचा इतिहास उभा आहे. अमेरिकन मराठी मिशनने नगर येथे आपले ठाणे १८३१ मध्ये स्थापिले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगर येथेच सुरू झाले. सिंथिया फरार यांनी येथे चालविलेली मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली होती, आणि पुढे पुण्यात मुलींची शाळा काढताना तिचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. या घटनांचा निर्देश इतिहासग्रंथांतून नेहमी होतो. परंतु वाचनाच्या दृष्टीने त्यांचा जो परिणाम झाला त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रत्येक श्रद्धावंताने, मग तो पुरुष असो वा स्त्री, शास्त्र स्वतः वाचले पाहिजे, हा प्रॉटेस्टंट पंथाचा आग्रह होता. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतून आलेला आहे. ज्या कुळांना पिढ्यानुपिढ्या अक्षराची बंदी होती, त्यांच्या घरात छापील पुस्तक ही मालकीची वस्तू म्हणून आली, ती या आग्रहामुळे. अशा घरातील पुस्तकांची फळी म्हणजे केवळ शोभेचा भाग नव्हे. गावकुसाबाहेरून गावाच्या अक्षरव्यवहारात झालेल्या प्रवेशाचा तो पुरावा आहे.

या फळीवरील वाङ्मय एकजिनसी आहे, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. मराठीतील ख्रिस्ती रचनेचा आरंभ फादर स्टीफन्स यांच्या १६१६ मधील ‘ख्रिस्तपुराणा’पर्यंत मागे नेता येतो; ती ओवीबद्ध रचना आहे. विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली सिरामपूर येथे नवा करार मोडी लिपीत छापला गेला तो १८११ मध्ये. हरि केशवजी यांनी बन्यनच्या रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर १८४१ मध्ये केले. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण करते आणि मराठी कादंबरीच्या इतिहासात त्याचा निर्देश अटळ ठरतो. पंडिता रमाबाईंचे बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्णपणे प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांच्या आयुष्याचा महत्त्वाचा काळ नगर व राहुरी येथे गेला. १९१२ पासून १९१९ मधील मृत्यूपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. पुराण, अभंग, रूपककथा, कादंबरी, भाषांतर, आत्मचरित्र असे नाना प्रकार या एका फळीवर आढळतात. त्यांस एकत्र बांधणारे सूत्र वाङ्मयप्रकाराचे नाही. मनुष्य आपल्या दोषाकडे कसा पाहतो आणि त्यातून कसा सुटतो, या प्रश्नाचे आहे.

३

दुसऱ्या फळीवरील रहस्यकथेचा उगम इंग्लंडमध्ये आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान तेथे ज्या प्रकारची गुन्हेगारी कथा बहरास आली, तिला पुढील दशकांत ‘कोझी’ हे लाडके नाव मिळाले. मराठीत तिला ‘घरगुती रहस्यकथा’ म्हणावयास हरकत नसावी. खेडे, महाविद्यालय किंवा एखादे मोठे घर अशी मर्यादित जागा. परस्परांस ओळखणारी मोजकी माणसे. पडद्याआड होणारा खून. रक्तपाताच्या वर्णनाचा अभाव. आणि पोलिसांपेक्षा चौकस अशा एखाद्या हौशी व्यक्तीने, बहुधा वयस्क स्त्रीने वा धर्मगुरूने, लावलेला छडा, ही तिची प्रमुख लक्षणे होत.

या कथेच्या निर्मात्यांचा धर्माशी आलेला संबंध योगायोगापलीकडचा आहे. गि. के. चेस्टरटन यांच्या फादर ब्राऊन कथांचा पहिला संग्रह १९११ मध्ये निघाला. ज्या फादर जॉन ओकॉनर यांच्यावरून हे पात्र सुचले, त्यांच्याच हस्ते चेस्टरटन यांचा १९२२ मध्ये कॅथलिक पंथात प्रवेश झाला. रहस्यकथेचे दहा नियम १९२९ मध्ये मांडणारे रोनाल्ड नॉक्स हे स्वतः धर्मगुरू होते. त्यांनी केलेले नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. डोरोथी सेयर्स यांनी ‘द नाइन टेलर्स’ (१९३४) या कादंबरीत चर्चच्या घंटांभोवती कथानक गुंफले आणि १९४१–४२ मध्ये येशूच्या चरित्रावर नभोनाट्यांची माला लिहिली. ॲगथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल ज्या पहिल्या कादंबरीत आली, त्या ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’चा (१९३०) निवेदक गावचा पाळक असून प्रेत सापडते ते त्याच्याच अभ्यासिकेत. याच लेखिकेने १९६५ मध्ये ख्रिस्तजन्माच्या कथाकवितांचेही एक पुस्तक प्रसिद्ध केले. मराठी लिपीत तिचे आडनाव आणि ख्रिस्ती हे विशेषण अगदी एकरूप होतात. ग्रंथसूची करणाऱ्याची त्यामुळे थोडी फसगत होण्याचा संभव असला, तरी कपाटाच्या दृष्टीने ही एकरूपता सर्वस्वी अप्रस्तुत नाही.

ही पुस्तके नगरसारख्या ठिकाणी पोहोचण्याचे मार्गही सांगता येतात. पेंग्विनने १९३५ मध्ये काढलेल्या पहिल्या दहा स्वस्त पुस्तकांत ॲगथा ख्रिस्ती व सेयर्स यांची प्रत्येकी एक रहस्यकथा होती. स्वस्त इंग्रजी पुस्तकाच्या युगात ही कथा आरंभापासूनच सामील होती. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालयाची स्थापना केल्यावर इंग्रजी वाचणारा वर्ग जिल्ह्यातच तयार होऊ लागला. अनुवादाच्या बाबतीत तर नगरचा संबंध अधिक जवळचा आहे. पुढे नट व नाटककार म्हणून ख्याती पावलेले मधुकर तोरडमल (१९३२–२०१७) हे नगर येथे इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि ॲगथा ख्रिस्ती यांच्या अनेक कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या.

४

दोन फळ्यांचे नाते शोधावयाचे तर प्रथम त्यांच्या शब्दसंग्रहाकडे पाहिले पाहिजे. मराठी पवित्रशास्त्राची परिभाषा पाहता एक गोष्ट तत्काळ लक्षात येते : तिचा मोठा भाग न्यायकचेरीतून व महसुलाच्या दप्तरातून आलेला आहे. जुना व नवा ‘करार’, ‘वारस’, ‘जामीन’, ‘कबूल करणे’ हे शब्द अरबी मूळचे. ‘साक्ष’ व ‘मध्यस्थ’ संस्कृत. ‘खंडणी’ हा तर मराठी राजकारणाच्या ऐन धामधुमीतील शब्द. ‘शास्ते’ या नावाचे एक पुस्तकच जुन्या करारात आहे. भाषांतरकारांनी देवाचा व मनुष्याचा व्यवहार मराठी माणसास परिचित अशा दस्तऐवजाच्या भाषेत मांडला. परिणामी नगरच्या मंडळीतील माणूस उपासनेत उभा राहून ‘साक्ष देतो’, आणि न्यायालयात पिंजऱ्यात उभा राहूनही ‘साक्ष देतो’. रहस्यकथेच्या मराठी अनुवादास लागणारे साक्ष, साक्षीदार, कबुली, निर्दोष, न्याय हे शब्द या घरात अगोदरच आलेले असतात. इतकेच की येथे त्यांवर दुसऱ्या अर्थाची छाया असते.

परंतु एका ठिकाणी मराठीने दोन फळ्यांच्या मध्ये ठळक रेषा ओढली आहे. फारसी ‘गुनाह’ या शब्दात पाप व अपराध हे दोन्ही अर्थ आहेत. उर्दू बायबलात पापासाठी हाच शब्द योजलेला आहे. मराठीने हा शब्द ‘गुन्हा’ या रूपात घेतला तो केवळ कायद्याच्या अर्थाने. देवासमोरील दोषासाठी ‘पाप’ हा शब्द वेगळा राखला. फारसीत रक्त असा अर्थ असलेला ‘खून’ हा शब्दही मराठीत वध या एकाच अर्थात स्थिरावला. त्याच्या शेजारी ‘खूण’ हा सर्वस्वी निराळ्या कुळाचा मराठी शब्द उभा आहे. ज्या बोलींत ण व न यांचा भेद मावळतो त्यांत खून आणि त्याचा माग दाखविणारी खूण हे दोन्ही एकसारखेच ऐकू येतात. ही केवळ उच्चाराची गंमत म्हणून सोडून दिली, तरी पाप आणि गुन्हा ही विभागणी मात्र गंमत नव्हे. दुसरी फळी गुन्ह्याची आणि पहिली पापाची, अशी वाटणी भाषेनेच करून ठेवली आहे.

गुन्हा एकाचा असतो. तो सिद्ध झाला की इतर सर्व मोकळे होतात. पाप या कल्पनेत अशी सुटका नाही. तेथे कोणीही मोकळा नाही, आणि म्हणूनच क्षमेची गरज सर्वांना सारखी आहे. रहस्यकथा कबुलीपाशी संपते. पश्चात्तापाचे वाङ्मय कबुलीपाशी सुरू होते. दोन फळ्यांमधील अंतर आणि जवळीक ही दोन्ही या एका बिंदूवर येऊन मिळतात.

५

या बिंदूचे महत्त्व पाश्चात्त्य समीक्षेत ओळखले गेले आहे. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ मध्ये लिहिलेल्या ‘द गिल्टी व्हिकरेज’ या निबंधात रहस्यकथेच्या आवडीची धार्मिक मीमांसा केली. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा : रहस्यकथेतील समाज आरंभी निष्पाप व प्रसन्न भासावा लागतो, खुनामुळे त्या नंदनवनात दोषाचा प्रवेश होतो, सर्वांवर संशयाची छाया पडते, आणि दोषी कोण ते कळताच ते नंदनवन पुन्हा प्राप्त होते. वाचकास या कथेत जे सुख मिळते ते आपण स्वतः निर्दोष ठरल्याच्या स्वप्नाचे असते.

ही मीमांसा ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’सारख्या कादंबरीस चपखल बसते. कर्नल प्रोथेरो हा मृत मनुष्य गावात कोणासच प्रिय नाही. पाळकाच्या तोंडूनही त्याच्या मरणाविषयी एक अविचारी उद्गार अगोदर निघून गेलेला आहे. प्रत्येकाच्या मनात थोडा दोष आहे. आणि खुनी सापडताच तो सर्वांच्या वाट्याचा दोष घेऊन कथेबाहेर जातो. चहाची वेळ पुन्हा चहाची वेळ होते. येथे या वाङ्मयप्रकाराचे बळ आणि उणीव दोन्ही दिसतात. माणसांच्या लहानसहान वागण्याचे इतके बारीक निरीक्षण, घरकामाच्या तपशिलास इतके महत्त्व, आणि वयस्क, एकट्या, दुर्लक्षित स्त्रीच्या बुद्धीस एवढा मान अन्य लोकप्रिय वाङ्मयात क्वचितच लाभतो. परंतु मृत मनुष्य येथे एक कोडे म्हणूनच उरतो; त्याच्याविषयी शोक होत नाही. आणि जे मोकळे झाले, त्यांच्या मनातील दोषाचे पुढे काय झाले, हे विचारले जात नाही.

चेस्टरटन यांचा फादर ब्राऊन या ठिकाणी वेगळा ठरतो. आपण गुन्हेगारास ओळखतो ते स्वतःच्या अंतःकरणात तो गुन्हा करून पाहिल्यामुळे, अशी त्याची भूमिका १९२७ च्या संग्रहात स्पष्टपणे येते. ‘द हॅमर ऑफ गॉड’ या कथेत खुनी एक धर्मोपदेशकच आहे. आपल्या दुराचारी भावावर तो चर्चच्या उंच मनोऱ्यावरून हातोडा टाकतो. उंचीवरून खाली पाहता पाहता तो स्वतःस न्यायाधीश समजू लागलेला असतो. फादर ब्राऊन त्यास पोलिसांच्या स्वाधीन करीत नाही. सर्व काही जाणल्याचे सांगून निर्णय त्याच्यावरच सोपवितो, आणि तो स्वतः जाऊन कबुली देतो. या कथेत गुन्ह्याचा शोध पापाच्या ज्ञानातून लागतो. दोन फळ्यांमधील लाकूड येथे पातळ होते. कपाटात चेस्टरटन यांचे पुस्तक कोणत्या फळीवर ठेवावे, याचा निर्णय म्हणूनच सोपा नाही.

६

ऑडेन यांची मीमांसा नगरच्या वाचकास मात्र जशीच्या तशी लागू करता येत नाही, आणि येथेच या विषयाचे खरे गांभीर्य आहे. खेडे हे मूळचे निष्पाप असून खुनामुळे त्याची घडी विस्कटते, हे गृहीत धरल्याखेरीज घरगुती रहस्यकथा उभी राहत नाही. ज्याच्या पणजोबास त्याच घडीने वेशीबाहेर ठेवले होते, पाणवठ्यावर येऊ दिले नव्हते, त्या वाचकास ‘गावाची घडी पुन्हा बसली’ हा शेवट कितपत दिलासा देईल? त्याच्या दृष्टीने दोष गावात बाहेरून शिरलेला नसतो. गावाच्या रचनेतच तो बसलेला असतो. एकास पकडून तो नाहीसा होण्यासारखा नसतो. इंग्रजी खेड्याच्या कथेत त्यास आनंद मिळतो, तो बहुधा ते खेडे आपले नाही म्हणूनच मिळतो. तेथे गावकूस नाही, पाणवठ्याची वाटणी नाही; दूरच्या काल्पनिक गावात निर्दोषपणाचा खेळ खेळता येतो.

घरगुती रहस्यकथा मराठीत वाचली गेली, अनुवादिली गेली, तरी तिच्या जातीची स्वतंत्र मराठी परंपरा तितक्या जोमाने का उभी राहिली नाही, याचे एक कारण येथे सापडण्यासारखे आहे. लोकप्रिय मराठी रहस्यकथेने दुसरी वाट धरली. बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय हे नायक साहसी, वेगवान आणि मुख्यतः शहरी वातावरणात वावरणारे. ते पराक्रमाने जिंकतात. उंबऱ्याशी बसून माणसे वाचीत नाहीत. मराठी वाचकाने गुन्ह्याची कथा शहरात नेली; खेडे त्याने ग्रामीण कथेसाठी व कादंबरीसाठी राखले, आणि तेथे त्यास निष्पाप म्हणण्याचे धाडस दिवसेंदिवस कमी होत गेले.

दुसरे कारण भाषेचे आहे. इंग्रजी घरगुती रहस्यकथेत पाळकाचे घर, रविवारची उपासना, दानपेटी, मंडळीतील स्त्रियांच्या सभा ही रोजची सामग्री असते. या सामग्रीसाठी नगरच्या ख्रिस्ती मराठीत पाळक, मंडळी, उपासना, प्रभुभोजन असे रुळलेले, घरोघर बोलले जाणारे शब्द शतकाहून अधिक काळ उपलब्ध आहेत. सर्वसाधारण मराठी गद्यास मात्र ‘पाद्री’ हा पोर्तुगीज वळणाचा शब्द अधिक जवळचा वाटतो. ‘पाळक’ या शब्दात कळपाची काळजी घेणारा, ओळखीचा माणूस आहे. ‘पाद्री’ या शब्दात बाहेरून आलेला, झग्यातला परका आहे. घरगुती रहस्यकथेचे सर्व मर्म परिचयात असते. तिचा निवेदक ‘पाद्री’ झाला की कथा पहिल्याच वाक्यात घराबाहेर जाते. मराठी भाषेच्या एका शाखेत जे शब्द सिद्ध होते, त्यांची दखल त्याच भाषेच्या दुसऱ्या शाखेस नव्हती. ही उणीव एखाद्या अनुवादकाची म्हणता येणार नाही. ख्रिस्ती मराठीस प्रमाण मराठीच्या कोशात व कानात जे दुय्यम स्थान मिळाले, त्याचा हा परिणाम होय.

तथापि घरगुती निरीक्षणाची कला मराठीत नव्हती असे कोणी म्हणू नये. ती पहिल्या फळीवर होती. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. वडिलांचे कमालीचे सोवळे, सासरचे ताण, न सांगता घरातून निघून जाणाऱ्या पतीचा थांग लावण्याची धडपड, पैशांचा न जुळणारा हिशेब, या सर्वांकडे लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) ज्या नजरेने पाहतात ती नजर लहान खुणांवरून मोठा अर्थ काढणारी आहे. शालेय शिक्षण नसलेल्या या स्त्रीस माणसे वाचता येतात. आणि जे वाचले ते ती निर्विष विनोदाने सांगते. सेंट मेरी मीडमधील म्हाताऱ्या बाईची चिकित्सक बुद्धी आणि नगर-राहुरीच्या या गृहिणीची बुद्धी यांचे कूळ एकच आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती होणार नाही.

फरक आहे तो शोधाच्या अखेरीत. टिळकांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या; पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळेओवळे सोडले नव्हते. पुढे जातिभेद हा मनुष्यकृत आहे अशी त्यांची खात्री पटली, आणि मग स्वतःच्या आचारात इतके दिवस काय दडले होते, ते त्यांनी लपविले नाही. संसारातील अनेक कोड्यांचा माग घेत निघालेली ही निवेदिका ज्या दोषापाशी पोहोचते तो तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यापाशी सापडतो. तेथे कोणास कथेबाहेर घालवून देता येत नाही. सुटका होते ती ओळखण्याने आणि बदलण्याने. इंग्रजी रहस्यकथेने जी नजर कमावली आणि जो प्रश्न टाळला, ती नजर आणि तो प्रश्न ही दोन्ही या आत्मचरित्रात एकत्र आली आहेत. नगरच्या घरात ते दुसऱ्या फळीच्या शेजारी असणे म्हणूनच अर्थपूर्ण आहे : जो वाचक संध्याकाळी मिस मार्पलबरोबर एका दोषीचा शोध घेतो, त्याच्या हाताशी वितभर अंतरावर असे पुस्तक असते की जे शोधणाऱ्यासही सोडीत नाही.

७

या विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला वाङ्मयविषयक. उपदेशपर आणि करमणूकपर हे दोन शिक्के मारून ज्या दोन प्रकारच्या लेखनास मराठी समीक्षेने बाजूस सारले, ते एकमेकांच्या संदर्भात वाचले असता दोहोंचे गुणदोष अधिक स्पष्ट होतात. रहस्यकथेचा सुबक शेवट किती स्वस्तात निर्दोषपणा वाटतो, हे पहिली फळी दाखविते. आणि उपदेशाच्या भरात पहिल्या फळीवरील कित्येक पुस्तके रोजच्या घराकडे, चहाच्या पेल्याकडे, शेजारणीच्या स्वभावाकडे पाहण्यास कशी विसरली, हे दुसरी फळी दाखविते. दोहोंची परीक्षा एकमेकींकडून होते. ख्रिस्ती मराठी लेखनाची उपेक्षा आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. परंतु हा सन्मान पहिल्या फळीचा आहे. दोन फळ्यांचा एकत्र विचार अद्याप व्हावयाचा आहे.

दुसरा निष्कर्ष साधनांविषयी आहे, आणि त्यात विलंबास फारसा वाव नाही. घरातील ग्रंथसंग्रह पिढी पालटली की फुटतो. नोकरीनिमित्त मुले पुण्यामुंबईस वा परदेशी जातात, घर विकले जाते, आणि कपाट रिकामे करण्याची वेळ येते. तेव्हा धर्मग्रंथ आदराने एखाद्या संस्थेस दिले जातात आणि रहस्यकथा वजनावर रद्दीत जातात. पुस्तके कदाचित अन्यत्र मिळतीलही. नाहीसे होते ते त्यांचे शेजारपण. कोणते पुस्तक कोणत्या पुस्तकाला टेकून उभे होते, कोणत्या पुस्तकाची पाने हातांनी मऊ झाली होती, पहिल्या पानावर कोणी कोणास नाताळास वा लग्नात भेट दिल्याची नोंद होती, ‘साक्ष’ या शब्दाखाली कोणत्या पुस्तकात रेघ होती, ही माहिती कोणत्याही छापील सूचीत नसते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस याहून सुलभ आणि याहून निकडीचे क्षेत्रकार्य सुचविणे कठीण आहे. नगर, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या परिसरात, घरच्या माणसांची अनुमती घेऊन आणि त्यांची नावे गुप्त राखून, अशा कपाटांची जागेवर, फळीच्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे यादी करावी. विषयवार वर्गीकरण मागाहून करता येईल. आरंभी ते कटाक्षाने टाळावे. कारण वर्गीकरणाच्या पहिल्याच फटक्यात या दोन फळ्या पुन्हा वेगळ्या होतील, आणि ज्या वाचकाने त्या एकत्र ठेवल्या त्याचा हात त्या यादीतून पुसला जाईल.